दातांचो राखणदार

मी फटकळ आहे. हे मी सांगायलाच नको. मालवणच्या बाजारात कुणालाही "ती दातांच्या दवाखान्यातली फ्लाव्हिया" म्हणून विचारा, माणूस आधी हसेल आणि मग गालावर हात ठेवील. एकोणीस वर्षं झाली मला त्या दवाखान्यात. नंबर लावते, हत्यारं उकळते, दातांचं माप घेते, मापात प्लास्टर ओतून साचे काढते आणि जो धड घासत नाही त्याला ओरडते. आमचे डॉक्टर सगळ्यांशी गोड बोलतात. त्यांना परवडतं, ओरडायला मी आहे ना.

पण गोष्ट माझी नाही, मथुरेची आहे. माझ्या हातून तिचं एक नुकसान झालं. मुद्दाम नाही, पण झालं. ते मनातून जात नाही म्हणून सांगते.

मथुरा धामापूरची. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळी, चालणं मात्र असं की तिच्याबरोबर बाजारात निघालं तर आपल्याला धाप लागावी. तिची बोटं बारा महिने तांबडी. कोकमांचं काम. तुम्ही आमसुलं म्हणता त्यांना आम्ही सोलां म्हणतो. ती सोलां आणि आगळाच्या, म्हणजे खारवलेल्या कोकमरसाच्या, बाटल्या घेऊन ती एसटीने मालवणात यायची आणि ठरलेल्या दुकानांत टाकायची. लग्न जुळायचं राहून गेलं. "कोणाक येळ होतो?" एवढंच म्हणते. वेळ नव्हता हे खरंच. आई लवकर गेली, तेव्हा पाठची बहीण सीता सहा वर्षांची होती. तिला मथुरेनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं, तिचं लग्न केलं. मग सीता तापाने गेली, चार दिवसांत, तेव्हा तिची मुलगी संचिता तीन वर्षांची. बापाने मुंबईत दुसरा संसार मांडला. त्याचा विषय मथुरेसमोर काढायचा नाही, मीही काढत नाही, आणि मी म्हणजे काय चीज आहे ते वर सांगितलंच. तर संचितालाही मथुरेनेच वाढवलं. एकाच घरात दोनदा तेच काम.

तीन वर्षांपूर्वी ती संचिताला घेऊन आली. पोरगी पंधराची, तोंड असं मिटलेलं की जणू आत कोणी कुलूप घालून किल्ली तळ्यात टाकली आहे. शाळेतल्या मुली तिला "जिना" म्हणायच्या. वरच्या ओळीतला डावीकडचा एक दात शेजारच्या दातावर आडवा चढला होता, पायरी चढल्यासारखा. पोरीने डबा खायला मुलींत बसणं सोडलं होतं. मथुरेला हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात हजर.

"आ कर," मी म्हटलं. पोरीने आ केला. मथुरा दारातूनच वाकून बघत होती.

"असोच तिच्या आवशीचो, सीतेचो होतो," ती म्हणाली. "असोच. हयसरच."

"होतो तर होतो. आता सरळ होतलो," मी म्हटलं.

"एकदम सरळ?"

"मगे काय वाकडो करूक इलंस?"

तिने पोरीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "थोडो तसोच रवलो तर चलात काय?"

मला वाटलं, पोरीला दुखेल म्हणून घाबरली. मी हसून उडवून लावलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. माणूस काय मागतंय ते मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

मी माप घेतलं, पांढरा साचा काढला, त्यावर खडूने नाव लिहिलं आणि कपाटात ठेवला. सुरुवातीला दात कसे होते त्याचा तो पुरावा. मग तारा लागल्या. तारांच्या डॉक्टर आमच्याकडे एक आड एक शनिवारी कोल्हापुरातून येतात, नम्रता डॉक्टर. हात हलका, आणि तोंड सारखं चालू. खुर्चीवरच्या माणसाला हसवल्याशिवाय त्यांचं काम पुढे सरकत नाही. एरवी आमच्याकडे लोक दात काढून घ्यायला येतात, दात काढायला नाही. पण त्या शनिवारी दवाखान्यात हसणं ऐकू यायचं.

मथुरा मात्र आत यायची नाही. मशीनचा आवाज तिला सोसायचा नाही. पोरीला आत पाठवायची आणि स्वतः बाटल्या घेऊन बाजारात जायची, ती काम झाल्यावर बाकड्यावर येऊन बसायची. तीन वर्षांत एकदाही ती खुर्चीपाशी आली नाही. हे लक्षात ठेवा.

आत काय चालायचं, तर नम्रता डॉक्टर काहीतरी बोलायच्या आणि संचिताला हसू फुटायचं. हसू फुटलं की तिचा डावा हात वर यायचा आणि तोंडावर उलटा बसायचा. तळहात बाहेर, हाताची पाठ ओठांवर. कुणी असं तोंड झाकतं का? चारचौघांसारखं तळहाताने झाकावं की नाही? मी तिला ट्रॅफिक पोलीस म्हणायचे. "हात खाली घे गो, पोलिसा! गाडी थांबवतंस काय माझी?" दर खेपेला ती लाजायची आणि हात काढायची, आणि पुढच्या हसण्याला तो परत तिथेच.

यंदा मार्चमध्ये बारावीची परीक्षा संपली आणि तारा निघाल्या. संचिता आरशासमोर उभी राहिली ती हलेचना. दात एका रांगेत, सूत धरल्यासारखे. मला रडू आलं, म्हणून मी तिला पाणी सांडलं म्हणून ओरडले.

तारा निघाल्या की काम संपलं असं लोकांना वाटतं. खरं काम तिथून पुढे. आता दातांवर रिटेनर घालायचा. काचेसारखा पारदर्शक, दातांच्या मापाचा, इतका पातळ की तोंडात आहे की नाही ते समोरच्याला कळत नाही. मी मथुरेला बाकड्यावर बसवून समजावलं. रात्रंदिवस घालायचा, खाताना तेवढा काढायचा. धुवायचा तो थंड पाण्याने. गरम लागला की वाकलाच. तो तोंडात असताना सोलकढी प्यायची नाही, गुलाबी होतो. आणि एक दिवससुद्धा खाडा नाही.

"कित्या? सरळ झाले मां आता?"

"झाले. पण दात म्हंजे गुरा. दावा सोडलंस काय जुन्या गोठ्यात जातली. तेंका आपली जागा आठवता."

मथुरा विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "म्हंजे ह्यो राखणदार!"

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. बागेला असतो, वाटेला असतो, तळ्याला असतो. दिसत नाही, पण तो असतो म्हणून जागा सांभाळली जाते. मथुरा वर्षातून एकदा आपल्या काजूच्या बागेत कडेच्या दगडापाशी त्याला नारळ देते. आम्ही ख्रिस्ती, आम्ही नारळ देत नाही. पण माझी आजी संध्याकाळी त्या दगडावरून जाताना पदर सावरायची, हेही खरं.

"दिसना नाय पण राखता," मथुरा म्हणाली. "राखणदारच."

झालं, तेव्हापासून दवाखान्यात सगळेच त्याला राखणदार म्हणायला लागले. पुढच्या खेपेला ती खरंच नारळ घेऊन आली, दातांच्या राखणदाराचा म्हणून. मी तो घरी नेऊन माशांच्या कढीत घातला. माझं काय वाकडं झालं नाही तेव्हा.

पहिले आठ दिवस संचिताला 'स' म्हणता येईना. राखणदार जिभेच्या आड यायचा. मथुरा मुद्दाम विचारायची, "काय वाळत घातलंस गो?" आणि ती म्हणायची, "थोलां." दोघी हसत सुटायच्या. हे मथुरेनेच मला सांगितलं, बाकड्यावर बसून, डोळे पुसत पुसत.

मे महिन्यात नम्रता डॉक्टर सुट्टीवर गेल्या. जूनमध्ये त्या परत आल्या त्या शनिवारी संचिता खुर्चीत बसली आणि डबी उघडून माझ्यापुढे धरली. आतला राखणदार आंबोळीसारखा कडेने वर वळला होता.

"ह्या काय?"

"उन्हात रवलो," संचिता खाली बघून म्हणाली. "मावशीन सोलांवांगडा वाळत ठेवलो."

फटकी इली त्या उन्हाला! आमच्या ह्या मुलखात मे महिन्यात अंगणात वाळत घालत नाहीत असं काय आहे सांगा. सोलां, सुकी मासळी, फणसाचे पापड, मिरची, आणि आता राखणदार. धुतलेली वस्तू उन्हात ठेवायची हे आमच्या हाडात आहे. जांभ्याचं अंगण दुपारी असं तापतं की मांजरसुद्धा पाय टाकत नाही, तिथे त्या पातळ प्लास्टिकचं काय होणार?

"कधी झालं हे?"

"पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे! आणि येवक काय झाला? डॉक्टर नसले तरी मी होतंय मां हय? फोन करूक होतो!"

"मी रोज सांगी. मावशी म्हणी, कोकमांचे दिवस, फुडच्या आठवड्यात जावया."

नम्रता डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. डावीकडचा तो दात किंचित वळला होता. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण निघाला होता आपल्या जुन्या जागेकडे. "वेळेत आलीस," त्या म्हणाल्या. "नवीन माप घेऊ. कोल्हापुरातून नवा करून आणते, त्याने तो परत मागे ढकलला जाईल. पंधरा दिवसांनी ये." जुलैत संचिताला कोल्हापूरलाच नर्सिंगच्या कॉलेजात जायचं होतं. ती म्हणाली, त्याच्याआधी व्हायलाच हवं.

मी माप घेताना ती एकदम बोलली. "आंटी, मावशी माझो दात बघता. माका बघना नाय."

"म्हंजे?"

"सकाळी उठल्याबरोबर म्हणता, हास बघू. मी हासलंय काय दातच बघीत रवता. म्हणता, आवस इली. माका आवस आठवनाच नाय, आंटी. आरशात माका मीच दिसतंय." आणि मग जरा रागाने म्हणाली, "माझो दात माझो नाय काय?"

"तुझोच," मी म्हटलं. "आ कर."

माप घेऊन झालं आणि मी पदर खोचून बाहेर गेले. भांडायलाच गेले. मथुरा बाकड्यावर बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "फ्लाव्हिया, मी तेका मुद्दाम उन्हात ठेवक नाय हां. देवाशपथ."

"मी म्हटलं काय तसं?"

"नाय म्हटलंस. पण मगे येवक नाय ता मुद्दाम."

मी तिच्या शेजारी बसले.

"पयल्या दिवशी चूकच झाली," ती म्हणाली. "धुतलंय नि सोलांच्या सुपात ठेवलंय. दुपारी बघतंय तर ह्यो वाकडो. चेडू रडाक लागला. मी म्हटलंय, रडा नको, उद्याच मालवणाक जावया. पिशवी भरून ठेवलंय सुद्धा. मगे चार-पाच दिवस कायबाय झाला, नि एके सकाळी ती हासली." मथुरेने बोट आपल्या ओठांपाशी नेलं. "इतकोसोच वळलो होतो. तांदळाच्या कणयेइतको. पण माका दिसलो. सीतेचो होतो गो तो. तीन वर्षांनी परत बघलंय. मगे माझे पाय घरातसून निघाक नाय."

भांडायला आले होते ते मी विसरूनच गेले. मी, फ्लाव्हिया.

"सीतेचे फोटो आसत पाच. पाचांतय तोंड मिटलेला. तिका लाज वाटायची दाताची. तिचा हासणा खंयच नाय, फ्लाव्हिया. ह्या चेडवाच्या तोंडात होता तेवढाच. आणि ता मीच तुमच्याकडे आणून सरळ करून घेतलंय." ती रडत नव्हती. तिची तांबडी बोटं पिशवीचा बंद गुंडाळत होती, सोडत होती. "केलंय ता बरोबरच केलंय. चेडवान तोंड मिटून जगाचा काय? पण माका ती व्हयी गो. माका माझी सीता व्हयी. तुम्ही राखणदार दिलास, पण राखणदार जा आसा ता राखता. गेला ता कोण राखतलो?"

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. पलीकडच्या दुकानात कुणीतरी पापलेटच्या भावावरून घासाघीस करत होतं. मी तिचा हात धरून बसले.

मग ती म्हणाली, "पयल्या दिवशी तू तो पांढरो साचो केलंस. सरळ करूच्या आधीचो. तेच्यात तो दात असात मां?"

"असात म्हंजे? आसाच!" मी उठलेच. माझ्या अंगात काय आनंद संचारला! माझ्या मनात हे आधी का आलं नाही? धावत आत गेले, कपाट उघडलं, आणि खालचा कप्पा बाहेर ओढला.

कप्पा रिकामा होता. नाताळच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षांपेक्षा जुने साचे काढून टाक, जागा नाही. तीन गोणी भरले. आमच्या घराच्या वाटेत एक खड्डा होता, पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं. मी त्या गोणी रिक्षातून घरी नेल्या, हातोडीने साचे फोडले आणि खड्डा बुजवला. गाणं म्हणत म्हणत बुजवला, वर माती टाकली, आणि क्लाइव्हला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, बघ, माझ्यासारखी बायको मिळाली हे तुझं नशीब.

मी बाहेर आले. मथुरा उभी राहून वाट बघत होती. तिच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवेना.

"जुने साचे मागे आसत," मी म्हटलं. "शोधून ठेवतंय. फुडच्या खेपेक."

पंधरा दिवस मी तो खड्डा उकरला. खोटं नाही सांगत. कामावरून घरी आले की खुरपं घेऊन बसायचे. दाढा मिळाल्या, अर्धे जबडे मिळाले, बाजारातल्या अर्ध्या लोकांचे दात माझ्या दारात होते. क्लाइव्ह पायरीवर बसून म्हणायचा, "कोणाक पुरलंस गो थंय? आता तरी सांग." मी त्याच्या अंगावर खुरपं उगारलं. संचिताचा साचा मिळाला नाही. भुगा झाला होता त्याचा.

मग मी आणखी एक पाप केलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात अलीकडचे साचे होते. त्यात एक होता, कुणा तळेऱ्याच्या मुलाचा. डावीकडचा तोच दात, तसाच आडवा चढलेला. मी त्यावरचं नाव खरवडून काढलं आणि साचा रुमालात गुंडाळून ठेवला. म्हटलं, म्हातारपणाकडे झुकलेली बाई, तिला काय कळणार? प्लास्टरच तर आहे. तिचं मन शांत झालं म्हणजे झालं.

शनिवारी दोघी आल्या. संचिता आत गेली. मी बाकड्यावर मथुरेच्या मांडीवर रुमाल ठेवला. तिने तो उघडला नाही पटकन. आधी पदराला हात पुसले. मग उघडला. साचा हातात घेतला, त्या दातावर अंगठा ठेवला. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसा हळूहळू फिरवला.

"हो तिचो नाय गो," ती म्हणाली.

एवढंच. रागाने नाही, काही नाही. साचा परत रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

मग मी सगळं ओकले. गोणी, हातोडी, खड्डा, क्लाइव्ह, खुरपं, तळेऱ्याचा मुलगा. भर दुपारी दवाखान्याच्या बाकड्यावर मी हुंदके देत होते आणि नंबरासाठी बसलेले दोघे जण दुखरे गाल धरून माझ्याकडे बघत होते. "माका गाळी घाल," मी म्हटलं. "मार माका. माझ्याच हातान फोडलंय मी ता."

मथुरा म्हणाली, "गप. लोक बघतत." आणि मग म्हणाली, "तू काय पुरलंस? सीतेन स्वतःच जन्मभर लपवलो तो. माझ्यासमोर तेवढी उघड्या तोंडान हासायची, घर डोक्यावर घेय. लोकांत कोणाक कधी दिसूक दिलो नाय. हासू इला काय हात वर. तोय उलटो! मी सांगून सांगून थकलंय, सीते, हात तरी सुलटो धर गो, लोक हासतत. नाय. असो धरायची."

आणि मथुरेने आपला डावा हात वर केला. तळहात माझ्याकडे. तांबड्या बोटांच्या हाताची पाठ ओठांवर.

माझा ट्रॅफिक पोलीस!

"मथुरा," मी म्हटलं, "संचिता घरात असो हात धरता?"

"ती कित्या धरीत? घरात माझ्यासमोर ती खदखदा हासता. लोकांत तर हासनाच नाय, तोंड मिटून बसता."

"तिका कोणी शिकवलो असो हात धरूक?"

"कसलो हात?" मथुरेला काही कळेना. "सीता गेली तेव्हा ती तीन वर्षांची. तिका काय आठवतला?"

मी उठले आणि तिचं मनगट धरलं. "चल."

"खंय?"

"आत."

"नको गो. ती मशीन—"

"मशीन गेली खड्ड्यात. चल म्हणतंय तर!"

मी तिला ओढतच नेलं. त्या पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदाच मथुरा त्या दारात उभी राहिली, डोळे अर्धे मिटून. मशीन बंद होती. नम्रता डॉक्टरांनी नुकताच नवा राखणदार संचिताच्या दातांवर बसवला होता आणि त्या हातमोजे काढत होत्या. पोरीची पाठ आमच्याकडे होती, पण समोरच्या आरशात तिचं तोंड दिसत होतं. आम्ही आलो ते तिला कळलं नव्हतं.

"बोलून दाखव बघू," नम्रता डॉक्टर म्हणाल्या. "म्हण, सोलकढी."

"थोलकढी," संचिता म्हणाली.

"काय? थोलकढी? ही कुठली नवी कढी काढलीस बाई मालवणात? मला एक वाटी दे की!"

संचिताला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, मान डावीकडे कलली, आणि हात वर आला. डावा. तळहात बाहेर, पाठ ओठांवर. सरळ झालेले, राखलेले सगळे दात त्या हाताआड गेले, आणि आरशात वर फक्त तिचे हसणारे डोळे राहिले.

मथुरेने माझ्या हातातून मनगट सोडवलं आणि डोळे पूर्ण उघडले.

"अगं, हात काढ की आता!" नम्रता डॉक्टर म्हणाल्या. "तीन वर्षं सांगतेय. आता काय लपवायचं राहिलंय तुझं? काढ बघू हात."

"काढू नको," दारातून मथुरा म्हणाली. "रवांदे गो बायो. हात थंयच रवांदे."